माऊसने मान टाकली? दुकान गाठायच्या आधी हे एवढं करून बघा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. १९ तारखेची रात्र, दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-३बी ची, म्हणजे जीएसटीच्या दरमहाच्या रिटर्नची, शेवटची तारीख, दोन क्लायंटचं भरायचं बाकी, आणि मी शेवटच्या पानावर त्या घोषणेच्या चौकोनात टिक करतेय तर टिक येते आणि लगेच जाते. परत क्लिक केलं, परत आली, परत गेली. पंधरा मिनिटं मी साइटला, नेटला, नेटवाल्याला आणि सवयीने नवऱ्यालाही शिव्या घातल्या, ब्राउझर बदलून बघितला, लॅपटॉप रिस्टार्ट केला, आणि मग कुठे डोक्यात प्रकाश पडला की अरे हा माऊस एका क्लिकचे दोन करतोय. टिक लावतोय तोच आणि पुसतोय पण तोच.

तो माऊस मी नंतर उघडला, त्याचं पुढे सांगते. पण तेव्हापासून ठाण्यात मानपाड्याला आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाचा माऊस रुसला की तो पिशवीतून माझ्या दारात येतो. मी इंजिनियर वगैरे नाही हं, घरून अकाउंट्सची कामं करते. पण पाच-सहा माऊस उघडून बघितल्यावर कळलं की आत बिघडायला फार काही नसतंच. १९६४ साली डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिशनी बनवलेला पहिला माऊस म्हणजे एक लाकडी खोका, खाली दोन चाकं आणि वर एक बटण. आजच्यात चाकांच्या जागी सेन्सर आलाय, एका बटणाची दोन झालीत आणि एक स्क्रोल वाढलाय, आणि वायरच्या जागी कधीकधी बॅटरी. एवढ्याच जागा, त्यातली कुठली गेली ते शोधायचं. गोंधळ होतो तो आपण आधी सेटिंगमध्ये शिरतो म्हणून, तिथे आठ ठिकाणी काहीतरी बदलून ठेवतो आणि मग मूळ दुखणं कुठलं नि आपण लावलेलं कुठलं तेच कळत नाही.

आधी काम वाचवा

पॉइंटर हलत नाही म्हणजे माऊसच गेला असं नाही, अख्खा कॉम्प्युटर हँग झालेला असू शकतो. कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा, त्याचा दिवा लागतोय-विझतोय का बघा. लागत-विझत असेल तर बहुतेक कॉम्प्युटर जिवंत आहे. दिवा ढिम्म असेल तर माऊसला बोल लावू नका, पॉवर बटण दाबून धरून बंद करायची वेळ आलीय.

जिवंत असेल तर पहिलं काम कंट्रोल आणि एस, फाइल सेव्ह. पुढचं सगळं माऊसशिवाय जमतं, विश्वास ठेवा. टॅबने एका रकान्यातून दुसऱ्यात, शिफ्ट-टॅबने मागे, स्पेसबारने टिक, एंटरने बटण, आल्ट-टॅबने एका विंडोतून दुसरीत, आणि राइट क्लिकसाठी शिफ्ट आणि एफ१०. त्या रात्री मला हे आठवलं असतं तर टॅब-टॅब करत चौकोनापर्यंत जाऊन स्पेस दाबला असता आणि झोपले असते.

ज्यांच्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा भाग आहे त्यांच्यासाठी अजून एक युक्ती आहे. डावीकडचं आल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबायचं, विंडोज विचारेल माऊस कीज चालू करू का, एंटर मारायचं. मग ८, २, ४, ६ ने पॉइंटर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकतो, ५ म्हणजे क्लिक आणि अधिकचं चिन्ह म्हणजे डबल क्लिक. बैलगाडीच्या वेगाने जातं पण पोचतं.

चोर कोण ते पकडा

आता स्क्रूड्रायव्हरही नको आणि सेटिंगही नको, फक्त अदलाबदल करायची. माऊस दुसऱ्या पोर्टला, म्हणजे पिन खोचायच्या दुसऱ्या खाचेत लावा. चालला तर पहिलं पोर्ट खराब किंवा कचऱ्याने भरलेलं. नाही चालला तर तोच माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, घरात नसेल तर शेजारी जा, चहापण होतो. तिथे चालला तर आपल्या कॉम्प्युटरचं काहीतरी आहे, तिथेही तीच नाटकं केली तर माऊसच गेलाय. आणि उलटही करा, दुसऱ्याचा चांगला माऊस आपल्याकडे लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे पण ह्याच्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढचं सगळं ह्या उत्तरावर आहे.

यूएसबी हबमध्ये, म्हणजे एका पोर्टाचे चार करणाऱ्या डबीत लावला असेल तर हब काढून थेट लॅपटॉपला लावा. स्वस्तातल्या हबला एकाच वेळी हार्ड डिस्क, कीबोर्ड, माऊस आणि वर मोबाईल चार्जिंगला असा सगळा संसार झेपत नाही. ऑफिसात जुनी पीसी असेल आणि माऊसची पिन गोल, हिरव्या सॉकेटात जाणारी असेल तर ती चालू पीसीत काढ-घाल करायची नाही, बंद करून लावायची आणि परत सुरू करायची, नाहीतर ओळखतच नाही.

वायरवाला असेल तर कान द्या

माऊस लावला की विंडोज तो ओळखीचा टिंग-टाँग आवाज करतं, काढला की उलटा आवाज. आता माऊस एका जागी धरून वायर हळूच हलवा, खास करून जिथे ती माऊसच्या पोटात शिरते तिथे. हलवताना टिंग-टाँग, टाँग-टिंग व्हायला लागलं तर दुसरं काही शोधूच नका, आतली तार तुटलीय. वरून वायर धडधाकट दिसते पण आतल्या चार बारीक तारांपैकी एखादी मानेपाशी वाकून-वाकून तुटते, मोबाईलच्या चार्जरची कशी तुटते तसंच. वर चिकटपट्टी गुंडाळून चार दिवस निघतात. खरा उपाय म्हणजे मानेजवळचा तो तुकडा कापून टाकायचा आणि तारा रंगाला रंग जुळवून परत सोल्डर करायच्या, मोबाईल दुरुस्तीवाल्याला हे डाव्या हाताचं काम आहे.

आणि आवाज बिलकुलच आला नाही, माऊसखालचा दिवाही लागला नाही, तर करंटच पोचत नाहीये. फक्त एक लक्षात ठेवा, सगळ्या माऊसचा दिवा लाल नसतो, काहींचा इन्फ्रारेड असतो जो डोळ्यांना दिसतच नाही. मोबाईलचा कॅमेरा खालच्या भोकावर धरून बघा, बऱ्याचदा स्क्रीनवर जांभळट ठिपका दिसतो. पुढचा सेल्फी कॅमेरा ह्या कामाला जास्त चांगला.

वायरलेस आणि त्याचे नखरे

पहिला प्रश्न हसण्यासारखा आहे पण विचारावाच लागतो, खालचा ऑन-ऑफ खटका चालू आहे का? बॅगेतून लॅपटॉप काढताना तो सरकतो. ऐरोलीला ऑफिसला जाणारा माझा भाऊ ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत बॅग चेपत जातो, त्याच्या माऊसच्या निम्म्या तक्रारी ह्या खटक्याच्या होत्या.

मग सेल. घड्याळातला अर्धा संपलेला काढून घालू नका, नवीन पेन्सिल सेल घाला आणि प्लस-मायनस बघून घाला. रिचार्जेबल सेल १.५ च्या ऐवजी १.२ व्होल्टचा असतो, त्यामुळे काही माऊस त्याच्यावर लवकर कुरकुर करतात. झाकण उघडल्यावर स्प्रिंगवर पांढरी भुकटी दिसली तर सेल गळलाय. ती हाताने पुसू नका. सेल काढून टाका, कानातली कापसाची काडी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात जरा बुडवून भुकटी पुसा, मग कोरड्या काडीने पुसा आणि तासभर वाळू द्या. माऊस महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढूनच ठेवा, ठाण्याच्या दमट हवेत त्या स्प्रिंगा फार लवकर गंजतात.

सेल नवा, खटका चालू, तरी पॉइंटर अडखळत-अडखळत चालतो, मध्येच थांबतो आणि मग उडी मारतो? मग डाँगल, म्हणजे माऊसबरोबर येणारा यूएसबीत लावायचा तो छोटा तुकडा, कुठे खोचलंय ते बघा. हा भाग बहुतेकांना माहीतच नसतो आणि मला विचाराल तर वायरलेस माऊसच्या अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. हे डाँगलवाले माऊस २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, आणि निळ्या रंगाचं यूएसबी ३ चं पोर्ट, खास करून त्यात पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क चालू असताना, त्याच पट्ट्यात गोंगाट करतं. इंटेलने २०१२ मध्येच ह्यावर सविस्तर लिहिलंय. म्हणजे डाँगल आणि हार्ड डिस्क शेजारी-शेजारी खोचले की लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून फोनवर बोलण्यासारखं होतं. उपाय सोपा, डाँगल काळ्या पोर्टात लावा, शक्यतो लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला. पीसी असेल तर मागच्या बाजूला पत्र्याच्या आड लावू नका, पुढे लावा, किंवा एक वीतभर यूएसबी एक्स्टेंशन वायर घेऊन डाँगल टेबलावर आणून ठेवा.

एका माऊसचं डाँगल दुसऱ्याला सहसा चालत नाही, त्यामुळे हरवलं की संपलं. लॉजिटेकच्या केशरी चिन्हाच्या युनिफाइंग रिसीव्हरसारखे थोडे अपवाद आहेत, तो एकटा सहा वस्तू जोडू शकतो. दुकानातून नुसतं डाँगल आणायच्या आधी हे तपासा.

ब्लूटूथवाला असेल तर सेटिंगमध्ये जाऊन तो यादीतून काढून टाका आणि नव्याने जोडा. काहींच्या खाली १-२-३ असं बटण असतं, तीन वेगवेगळ्या मशीनसाठी, ते चुकून दाबलं गेलं की माऊस जोडलेला असून दुसऱ्याच लॅपटॉपला शोधत बसतो.

पॉइंटर नाचतोय, किंवा हलतच नाही

खालच्या मजल्यावरचे काका एकदा माऊस घेऊन आले, म्हणाले, "अगं, परवापर्यंत नीट होता, आता हलवला तरी जागचा हलत नाही बघ." मी माझ्या टेबलावर लावला, छान चालला. विचारलं, "काका, टेबलावर काही नवीन टाकलंत का?" तर म्हणाले, "हो, काकूने काच बसवून घेतली."

तेच कारण. ऑप्टिकल माऊसच्या पोटात एक बारका कॅमेरा असतो, तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारांनी फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी जुळवून किती सरकलो ते ठरवतो. काचेवर त्याला जुळवायला काही सापडतच नाही. चकचकीत लॅमिनेट, संगमरवर, एकाच रंगाचं गुळगुळीत टेबल, सगळीकडे थोडाफार हाच त्रास. खाली वर्तमानपत्र घालून बघा, चालला तर निदान झालं. काकांना मी एका लग्नपत्रिकेची मागची खरखरीत बाजू दिली, पुढची सोनेरी गणपतीवाली बाजू वर ठेवली तर परत नाचायला लागतो हेही दाखवलं.

पृष्ठभाग ठीक असेल तर माऊस उलटा करून खालच्या भोकात उजेड पाडून बघा. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये इथे एक केस सापडतोच, आपला किंवा मांजराचा. सध्या घोडबंदर रोडला मेट्रो ४ च्या कामाने एवढी धूळ असते की खिडकीशेजारच्या टेबलावर सकाळी पुसलं की संध्याकाळी बोट फिरवून नाव लिहिता येतं, ती धूळ भोकात बसते. कोरड्या कापसाच्या काडीने हळूच पुसा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार भिंगावर बसतात. एमएस-सीआयटीच्या क्लासला बॉलवाला माऊस वापरलेल्यांना आठवत असेल, बॉल काढून आतल्या रोलरवरचा मळ नखाने खरवडायचो. तेच काम, फक्त आता नख लावायचं नाही.

लॅपटॉपचा पॉइंटर माऊस न लावताही नाचत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंग नीट नसतं किंवा आपण तीन पिनला दोन पिनचा जुगाड केलेला असतो, त्यामुळे टचपॅड वेडंवाकडं वागतो. चार्जर काढल्यावर शांत झाला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, कॉम्प्युटरवाल्याला नको.

एका क्लिकचे दोन

आता माझ्या त्या माऊसकडे येते. लक्षणं अशी: एक क्लिक केलं की फोल्डर उघडतं, फाइल ओढत नेताना मध्येच हातातून सुटते, ओळ सिलेक्ट करताना अर्ध्यात निवड निघून जाते, आणि टिक येते-जाते.

आधी सेटिंगचा संशय काढून टाका. फोल्डर ऑप्शन्समध्ये एका क्लिकवर उघडायचं निवडलेलं नाही ना, आणि माऊस प्रॉपर्टीजमध्ये डबल क्लिक स्पीडची पट्टी अगदी हळूच्या टोकाला नाही ना, एवढं बघा. टिक येऊन जाते म्हटल्यावर मात्र सेटिंगचा संबंध नाही, बटणाखालचा स्विच गेलाय.

हा स्विच म्हणजे काळी किंवा पांढरी, साबुदाण्याच्या वडीएवढी डबी. तिच्या आत तांब्याची एक पातळ वाकवलेली पट्टी असते, आपण दाबलं की ती टक्कन खाली टेकते, सोडलं की टक्कन वर. लाखो वेळा दाबून ती ढिली पडते, तिच्या टोकावर ऑक्साइडचा थर बसतो, आणि मग एकदा टेकताना ती थरथरून दोनदा टेकते. कॉम्प्युटरला दोन क्लिक पोचतात. तो खरं तेच ऐकतोय बिचारा.

अडलेल्या रात्रीसाठी उपाय: सेटिंग, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, माऊस, आणि तिथे प्रायमरी बटण लेफ्टचं राइट करा. उजवा स्विच डाव्याच्या मानाने फारच कमी वापरलेला असतो, जवळजवळ नवाच. मी त्या रात्री हेच केलं, आणि दहा मिनिटं प्रत्येक क्लिकला मेनू उघडत बसले, मग बोटाला सवय झाली.

उघडायचाच असेल तर

वॉरंटी आहे का आधी बघा, बिल शोधा, बऱ्याच माऊसवर १ ते ३ वर्षं असते आणि उघडला की ती गेली. वॉरंटी संपली असेल तर मग बिनधास्त.

वायर किंवा सेल काढा. स्क्रू वरून दिसत नाहीत, ते खालच्या काळ्या गुळगुळीत पट्ट्यांच्या खाली, सेलच्या खाचेत, किंवा स्टिकरखाली लपलेले असतात. स्टिकरवर बोट फिरवा, जिथे खड्डा लागेल तिथे स्क्रू. पट्ट्या काढताना हेअर ड्रायरची जरा गरम हवा मारली की गोंद सुटतो, अख्ख्या निघतात. वरचं झाकण हिसका देऊन उचलू नका, काही माऊसमध्ये वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारी पातळ पट्टीची वायर असते, ती तुटली की खेळ खलास. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढा. स्क्रोलच्या चाकाखाली एक बारीक स्प्रिंग असते, ती उडाली की सापडत नाही, म्हणून मी सगळं स्टीलच्या ताटात ठेवून करते.

स्क्रोल फिरवला की पान मध्येच उलट्या दिशेने पळतं, असं होत असेल तर चाकाच्या अक्षाभोवती बघा. केस, लोकर आणि बिस्किटाचा भुगा ह्यांची एक गादीच तयार झालेली असते. चिमट्याने काढा. स्विचसाठी इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब डबीच्या बटणापाशी टाकायचा, पन्नासेक वेळा टक-टक करायचं, आणि पूर्ण वाळू द्यायचं. केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातलं अॅसिटोन प्लास्टिक खातं. बिजागऱ्यांना मारायचा तेलाचा स्प्रे तर बिलकुल नको. ह्याने सुटलं तर काही महिने निघतात, पट्टीच ढिली असेल तर स्विच बदलण्याशिवाय इलाज नाही, तीन टाके सोल्डरचे.

सेटिंगचं खातं शेवटी

माऊस दुसरीकडे चालतो आणि आपल्याकडेच नाही, असं असेल तरच इथे या. विंडोज की आणि एक्स, मग एम, डिव्हाइस मॅनेजर उघडेल. माईस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस खाली आपला माऊस शोधा, अनइन्स्टॉल करा, रिस्टार्ट करा, विंडोज स्वतःच परत बसवतं. काही वेळ न वापरल्यावर माऊस झोपत असेल तर तिथेच यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटला जाऊन वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करायची परवानगी काढून घ्या. पॉइंटर हाताच्या वेगाप्रमाणे कधी जास्त कधी कमी पळतोय असं वाटत असेल तर माऊस प्रॉपर्टीजमधली एन्हान्स पॉइंटर प्रिसिजनची टिक काढा. माऊस बरोबर आहे पण सगळंच संथ असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून बघा कोण प्रोसेसर खातंय. आणि ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर घालू नका, साध्या माऊसला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही.

एवढं करून नाहीच झालं तर दुकान. मी स्टेशनजवळच्या एका दुकानात स्विच बदलायला गेले तर काउंटरवरचा मुलगा माऊसकडे न बघताच म्हणाला, "ताई, हे कोण रिपेअर करतंय आता, नवीन घ्या." नवीन घेणार असाल तर हातात धरून, क्लिक करून घ्या, आणि जुना ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या, सेल वेगळा काढून.

मी नाही घेतला नवीन. २० तारखेची रिटर्न्स दोन्ही वेळेत गेली, उजव्या बटणाने. माऊस अजून तसाच चालतोय, उलटा, आणि नणंद आली आणि जरा काहीतरी बघायला लॅपटॉपवर बसली की पाच मिनिटांत आतून आवाज येतो, "वहिनी, तुमचा माऊस बिघडलाय!"